पार्बताबाईची परात

तेल्हाऱ्याला डोंगर नाही. उत्तरेला एक निळी रेघ आहे, तिला आम्ही डोंगर म्हणतो. पाऊस ओसरून हवा स्वच्छ झाली की ती रेघ जवळ आल्यासारखी वाटते आणि उन्हाळ्यात धुळीत बुडून जाते. बाकी सगळं सपाट. कापूस, तूर, ज्वारी आणि पुन्हा कापूस. गावाच्या उत्तर टोकाला मातीचा एक उंचवटा होता, त्याला आम्ही मोठ्या ऐटीत टेकडी म्हणायचो. तिच्यावर शेळी चढली तर ती कोणाची आहे हे खालून ओळखू येई, एवढीच तिची उंची होती.

अशा गावात जन्माला येऊन बुधाजीला डोंगराचं वेड लागलं होतं. शाळेत आम्ही तिघे एका वर्गात होतो. मी सूर्यभान, दुसरा जानराव आणि तिसरा हा. जानराव शेतकऱ्याघरचा, अंगाने आडवा आणि डोक्याने निवांत. मी पुढे जिनात लागलो, सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या मशीनवर. माझं डोकं त्या मशीनच्या आधी तापतं, असं जिनातले लोक म्हणायचे आणि ते खरंच होतं. बुधाजी मात्र कधी तापल्याचं मला आठवत नाही. तो बोलता बोलता मधेच थांबायचा आणि उत्तरेकडे पाहत राहायचा. मला याचा भयंकर राग यायचा. आपण काही महत्त्वाचं सांगावं आणि समोरच्याने डोंगराकडे पाहावं, ही काय रीत झाली?

छप्पन साली त्याच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच्या आईने, पार्बताबाईने, घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर पोराला अभ्यासाला बसवलं. बाई दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. अंगाने काडी, पण आवाज असा की वेचणीच्या रांगेतली शेवटची बाईसुद्धा दचकावी. तिच्या झोपडीत चकाकणारी वस्तू एकच, माहेरून आलेली पितळेची परात. रोज राखेने आणि चिंचेने घासून घासून तिने तिचा तळ पातळ करून टाकला होता. पीठ मळायचं तिच्यातच आणि पाहुण्याला जेवायला वाढायचं तेही तिच्यातच.

बुधाजी मॅट्रिक झाला. वस्तीतला पहिलाच. आणि एकोणसाठच्या पौषात त्याला मास्तरकीचा हुकूम आला. शाळा नवीन निघणार होती, डोंगरावरच्या मोहपाटी नावाच्या कोरकू आदिवासींच्या गावात. सोमवारी हजर व्हायचं होतं. वस्तीत आनंदीआनंद झाला, बायांनी त्याच्यावरून पाणी ओवाळून टाकलं. पार्बताबाई मात्र चुलीपुढे बसून राहिली.

त्याला कारण होतं. बुधाजीचे वडील त्याच डोंगरात लाकूडतोडीला गेले होते. तिथे ताप आला आणि तिथेच गेले. पार्बताबाईला ते कळलं महिन्याने, एका लाकडाच्या गाडीवाल्याकडून.

"जाय ना, मी कुठं नाई म्हणून राहिली?" ती म्हणाली. आम्ही तिघे तिच्या दारात उभे होतो. "पण तुहा बाप तिथं मातीत गेला अन् मी इथं त्याच्यासाठी रोज भाकर झाकून ठेवत होती. मले काई समजलं नाई. काई दिसलं नाई. आता तसं नाई जमणार बाप्पा. माहा पोरगा जित्ता हाये, येवढं मले इथून दिसलं पायजे. दिसत असन तर जाय. नाईतर सूर्यभानसंग जिनात लाग."

माझं डोकं फिरलं. "माय, सहा-सात कोसावरून माणूस कसा दिसंल? घार हायेस का तू?"

"ते मले काय सांगतं? तुमी शिकलेले हा. पाहा काई."

हुकमाचा कागद आला त्या दिवसापासून बुधाजीच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं होतं ते विझून गेलं. आईचा शब्द तो मोडणार नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. तो दुसऱ्याच दिवशी मुकाट्याने जिनात येऊन उभा राहिला असता आणि आयुष्यभर मशीनपाशी उभा राहून खिडकीतून उत्तरेकडे पाहत बसला असता. ते मला तर पाहवलंच नसतं.

उपाय काढला जानरावने. जानरावच्या डोक्यातून काही निघणं हा योग क्वचितच, पण निघालं ते सोनं निघालं. शाळेत असताना आम्ही आरशाच्या तुकड्याने गुरुजींच्या टकलावर उन्हाचा कवडसा पाडला होता आणि तिघांनी मिळून छड्या खाल्ल्या होत्या.

"कवडसा," जानराव म्हणाला. "डोंगरावरून आरसा दाखवू. मायनं इथं टेकडीवर उभं राहावं. सूर्य डोक्यावर आला की पाहावं."

पार्बताबाईने विचार केला. "अन् मले दिसलं हे तुमाले कसं समजंन?"

"तू बी काईतरी चमकव."

तिने आत वळून परातीकडे पाहिलं. ठरलं. रविवारी आम्ही जायचं, दुपारी कवडसा पाडायचा. तिला दिसला आणि तिने परात चमकवली तर बुधाजी सोमवारी हजर होणार. नाही तर नाही. आरसा आणला जानरावने. त्याच्या बायकोच्या, मैनावहिनीच्या माहेरचा, लाकडी चौकटीचा, पाठीवर मोर काढलेला. वहिनीने तो देताना जानरावला दहा वेळा बजावलं.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो. तीन माणसं, तीन काळ्या सायकली. आता इथे आमच्या सायकलींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला. आमच्याकडची माती काळी आणि चिकट. पावसाळ्यात पांदणीतून, म्हणजे दोन वावरांमधल्या गाडीवाटेने, सायकल काढली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गारा असा ठासून बसतो की चाक जागचं हलत नाही. म्हणून आमच्याकडे नवी सायकल आली की पहिल्याच पावसात मडगार्ड काढून माळ्यावर टाकतात. मग ब्रेकच्या रबरांत चिखल अडकतो, म्हणून ब्रेकही काढून टाकतात. आणि पावसाळा संपला तरी कोणी ते परत लावत नाही. लावायचे कशाला? सपाट मुलुख. पाय मारणं थांबवलं की सायकल आपली आपण उभी राहते, नाहीच राहिली तर चप्पल टेकवायची. आम्ही तिघेही जन्मात ब्रेकवाचून अडलो नव्हतो. डोंगरावर जाताना ते आठवायला हवं होतं, पण ज्याने उतार पाहिलाच नाही त्याला ते आठवणार कसं?

थंडी मरणाची होती. वावरांत शेवटच्या वेचणीचा कापूस होता आणि त्याच्यावर दहिवर पडलं होतं. पांदणीच्या दोन्ही बाजूंनी बोरीबाभळी वाकलेल्या, अंगाला ओरखडे काढत होत्या. हिवरखेड मागे पडलं तेव्हा ऊन वर आलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मी समोर नीट पाहिलं.

रेघ नव्हती. जिथे रेघ असायला हवी होती तिथे भिंत होती. तिला घड्या होत्या, खाचा होत्या, सावल्या होत्या, आणि ती निळी नव्हतीच. जानरावने पाय टेकवून सायकल थांबवली.

"अबे, निळा रंग कुठं गेला?" तो म्हणाला.

खरोखर, आम्ही जन्मभर जे निळं पाहत आलो ते तिथे नव्हतं. तांबूस कडे होते, पिवळं गवत होतं, सागाची झाडं होती, ज्यांची वाळलेली पानं सुपाएवढी. मला उगीचच फसवल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. बुधाजीने सायकल हातात धरली आणि चालू लागला, देवळात जातात तसा, चप्पल काढून. नंतर लक्षात आलं की त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. पण त्या वेळी मला ते तसं वाटलं नाही.

चढ सुरू झाला आणि आमची मस्ती उतरली. काही अंतर सायकलवर, बराचसा चढ सायकल ढकलत. अशी वाट आम्ही पाहिली नव्हती. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आमच्या मुलखात वाटेच्या बाजूला नेहमी काहीतरी असतं, बांध-धुरा असतो, नाला असतो, कोणाचं तरी वावर असतं. इथे नुसती हवा होती आणि त्या हवेत आमच्या खाली घारी उडत होत्या. घारीची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. जानराव डोंगराला पाठ घासत चालत होता. मी त्याला हसत होतो, पण माझाही खांदा भिंतीलाच लागलेला होता.

वाटेत समोरून बांबूने भरलेली एक बैलगाडी उतरत आली. गाडीच्या मागे दोराने एक जाडजूड ओंडका बांधला होता आणि तो जमिनीवरून फरफटत, धूळ उडवत येत होता. आम्ही हसून हसून बेजार.

"ओ भाऊ," जानराव म्हणाला, "तुमचं लाकूड पडलं ना मांगं!"

गाडीवान म्हातारा कोरकू होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या सायकलींकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "पडलं नाई, बांधलं," तो म्हणाला आणि गेला. आम्हाला त्याचीही गंमत वाटली.

तासाभराने वाट एका माथ्यावर चढली आणि पलीकडे उतरू लागली. खाली ओढा, ओढ्यापलीकडे पुन्हा चढ आणि वर मोहपाटी. म्हणजे समोर जन्मातला पहिला खरा उतार. जानरावला काय वाटलं कोण जाणे, त्याने टांग मारली आणि सायकलवर बसला. आरसा त्याच्याच कॅरिअरला बांधलेला होता.

सायकल निघाली. पाय न मारता निघाली. पहिल्यांदा तो हसला, मोठ्याने. मग हसणं थांबलं. "अबे, थांबून नाई राहिली!" तो ओरडला. चप्पल टेकवली, चप्पल गेली. दुसरा पाय टेकवला, सायकल वाकडी झाली पण थांबली नाही. वळणापाशी तो दिसेनासा झाला, आणि मग एक आवाज आला आणि त्याच्या मागून दुसरा, बारीक. काच फुटल्याचा.

आम्ही धावलो. जानराव घाणेरीच्या झुडपात बसलेला, गुडघा सोललेला, बाकी धड. चौकट वाटेवर पडली होती. मोर पाठीवर शाबूत, पुढे आरशाचे तुकडे.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जानरावला बोललो, स्वतःला बोललो, काळ्या मातीला बोललो, ब्रेक बनवणाऱ्याला आणि काढणाऱ्याला बोललो. बुधाजीची नोकरी आमच्या डोळ्यांदेखत त्या धुळीत तुकडे होऊन पडली होती. जानराव रडकुंडीला आला. "फुटका आरसा, बावा," तो म्हणाला, "याच्यात तोंड बी पाहू नये म्हणतात. अपशकून हाये. परत जाऊ."

बुधाजी खाली बसून तुकडे गोळा करत होता. बोट कापलं तरी थांबला नाही. तळहाताएवढे तुकडे वेगळे, बारीक वेगळे, असं करून त्याने मोठे तुकडे दुपट्ट्यात बांधले.

"आपल्याले कुठं तोंड पाह्यचं हाये?" तो म्हणाला. "सूर्य तर फुटला नाई ना?"

त्या माणसाचा मला तेव्हा राग आला नाही. हे नमूद करून ठेवतो.

ओढ्यावर आम्ही भाकरी खाल्ल्या, पार्बताबाईने बांधून दिलेल्या, ज्वारीच्या, वर लाल तिखटाचा गोळा. जानरावनेही खाल्ल्या. गावात त्याच्या घरच्यांसमोर त्याची ती हिंमत झाली नसती. तिथे ओढ्यावर त्याने शेवटचा तुकडा माझ्या हातून ओढून घेतला. मग आम्ही चढलो, सायकली ढकलत, सूर्याकडे बघत. उशीर झाला तर बाई टेकडीवरून घरी जाईल ही धास्ती होती.

मोहपाटी म्हणजे डोंगराच्या अगदी काठावर विसेक घरं, शेणामातीने सारवलेली, अंगण इतकं स्वच्छ की पाय ठेवायला लाज वाटावी. मधे मोहाचं थोरलं झाड आणि त्याच्या शेजारी कुडाची नवी झोपडी. ती शाळा. लोक सायकली पाहायला जमले. पण आमचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. बुधाजी काठाकडे चालत गेला आणि थांबला. आम्हीही गेलो.

मला ते नीट सांगता येत नाही. आजही येत नाही. आमच्या पायांखालून डोंगर तुटला होता आणि त्याच्यापुढे वऱ्हाड पसरलेलं होतं, सगळं एकदम. ज्या वावरांतून सकाळपासून आम्ही पायडल मारत आलो ती वावरं खाली बोटाच्या पेराएवढी, काळी, पिवळी, पांढरी. नद्या दिसत होत्या. ज्यांच्या काठावर आम्ही वाढलो त्या नद्या अशा वळतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. आणि फार दूर, उन्हाच्या धुरकट कडेला, एक करडा ठिपका आणि त्यावर एक काडी उभी. ती आमच्या जिनाची चिमणी होती. मी रोज तिच्याखाली उभा राहायचो, मान वर करून पाहायचो, आणि मला वाटायचं, केवढी उंच!

"एवढंसं हाये आपलं," जानराव हळूच म्हणाला. त्याला हसावं की घाबरावं ते कळत नव्हतं. मला सरळ सांगायचं तर रडू येत होतं, का ते माहीत नाही.

सूर्य डोक्यावर येऊन गेला होता. बुधाजीने तुकडे वाटले, तिघांच्या हातात एकेक. आधी समोरच्या झाडावर कवडसा पाडायचा, मग तो हळूहळू उचलून चिमणीच्या ठिपक्यावर न्यायचा, असं ठरवून आम्ही उभे राहिलो. हात थोडा हलला की कवडसा कुठल्या कुठे जायचा. तो सात कोसांवर जातो की वाटेतच विरतो, ते कळायला काही मार्ग नव्हता. आम्ही तुकडे हलवत राहिलो. हात भरून आले. खाली काही चमकलं नाही.

"ती घरी गेली असन," जानराव म्हणाला.

"गप बस," मी म्हणालो.

बुधाजी तसाच उभा. सावली सरकली. मोहपाटीच्या बाया आमच्या मागे येऊन बसल्या होत्या, त्यांना वाटत असणार की हा काही पूजेचा प्रकार आहे. माझा धीर सुटला. मी तुकडा खाली टाकणार होतो, खरं सांगतो, टाकणारच होतो.

आणि खाली, त्या करड्या ठिपक्याच्या अलीकडे, एक ठिणगी चमकली.

चमकली आणि गेली. मला वाटलं डोळ्याचा भास. मग पुन्हा. पिवळी ठिणगी. "माय," बुधाजी म्हणाला. एवढंच. आणि मग तिच्या शेजारी दुसरी ठिणगी, मग तिसरी, मग मोजता येईनात. एक अख्खी ओळ लुकलुकत होती, विझत होती, पेटत होती, त्या एवढ्या मोठ्या मुलखाच्या तळाशी. आमच्या मागे बसलेल्या बाया उभ्या राहिल्या. बुधाजी मटकन खाली बसला आणि त्याने दुपट्ट्यात तोंड खुपसलं.

हे काय झालं ते आम्हाला संध्याकाळी कळलं. पार्बताबाई एकटीच परात घेऊन टेकडीवर गेली होती. तिला आमचा कवडसा दिसला होता, पहिल्याच झटक्यात, आणि ती ओरडत सुटली होती. पण परात जड, नेम धरवेना. म्हणून तिने तिच्या त्या आवाजात वस्तीला हाक मारली. वस्तीतल्या बाया ताटं, ताटल्या, झाकण्या घेऊन धावल्या. गलबला ऐकून मैनावहिनीही आपलं घंगाळ घेऊन आली आणि त्यांच्या रांगेत उभी राहिली. जानरावच्या आईने तिला नंतर बरंच सुनावलं म्हणे. वहिनी म्हणाली, "माहा आरसा वरतं होता, मग मी खालतं नको का?" आरसा फुटल्याचं तिला त्यानंतर कळलं.

उतरताना आम्ही शहाण्यासारखे वागलो. त्या म्हाताऱ्याचा ओंडका आठवला, तो त्याच्या गाडीचा ब्रेकच होता. प्रत्येकाने सायकलीच्या मागे सागाची एकेक पानाळ फांदी बांधली आणि ती जमिनीवरून ओढत, धुळीचे लोट उडवत खाली आलो. वाटेत तोच म्हातारा रिकामी गाडी घेऊन परतताना भेटला. तो बैलाच्या पाठीवर थाप मारून हसला. आम्हीही हसलो, या वेळी त्याच्याबरोबर.

सोमवारी बुधाजी मोहपाटीला हजर झाला आणि तिथलाच होऊन गेला. कोरकू बोली शिकला, शालू नावाची बायको करून वर घेऊन गेला. मोहाखालची झोपडी जाऊन कौलारू शाळा झाली. लोक त्याला बुधाजी गुरुजी म्हणू लागले. सणासुदीला खाली यायचा तेव्हा डोंगराच्या गोष्टी सांगायचा, पाऊस खालून वर येताना कसा दिसतो, अस्वल मोह खाऊन कसं झिंगतं. मी दोन-तीनदा वर गेलो, फांदी बांधून उतरलो.

आणि दर रविवारी दुपारी, पावसाळा सोडून, तो त्या काठावर फुटक्या आरशाचा तुकडा घेऊन उभा राहायचा. खाली टेकडीवर परात चमकायची. वस्तीला त्याची सवय झाली. सूर्य डोक्यावर आला आणि पार्बताबाई परात काखेत मारून निघाली की बाया म्हणायच्या, चला, रविवार झाला.

सहासष्ट सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार होता, जिन बंद. मी दाराशी बसलो होतो. दिवस मावळायला आला होता. उत्तरेच्या पांदणीतून धुळीचा एवढा मोठा लोट येताना दिसला की मला वाटलं गुरं उधळली. लोट गावात शिरला. त्याच्यात एक सायकल होती आणि सायकलवर बुधाजी. मागे सागाची फांदी बांधलेली. डोंगर उतरल्यावर सोडायची असते ती फांदी, ती त्याने सोडलीच नव्हती. पुढच्या सगळ्या सपाट वाटेवरून तो ती फरफटत आणत होता. तिची पानं झिजून नुसत्या काड्या राहिल्या होत्या. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी त्याच्या मागे धावलो.

त्या दिवशी परात चमकली नव्हती. स्वच्छ ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि तो दुपारी बराच वेळ काठावर उभा होता आणि खाली काही चमकलं नव्हतं.

पार्बताबाई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. धडधाकट. सायकल पडल्याचा आवाज ऐकून तिने मान वर केली.

"कोन व्हय?" ती म्हणाली.

बुधाजीला धाप लागली होती. "माय! परात कुठं हाये? काहून नाई दाखवली?"

"बुधा? तू कसा आला रे? परात शेजारच्या शकुनच्या घरी गेली ना, तिच्या पोरीचं लगन हाये. पीठ मळाले मोठं भांडं नव्हतं. म्हटलं, एक रविवार न्या." ती उठली आणि हात पुढे करून हवेत त्याला शोधू लागली. तो तिच्या उजव्या बाजूला उभा होता. ती डावीकडे चाचपडत होती.

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. रोज येता-जाता मी या बाईला पाहत होतो. तिच्या बुबुळांवर दुधाची साय धरावी तसा पांढरा पडदा होता. वाटा पायाखालच्या, म्हणून कोणाला संशय आला नव्हता.

बुधाजीने तिचा हात धरला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "माय, तुले दिसत नाई?"

"थोडं थोडं दिसते. उजेड दिसते."

"मग माहा कवडसा?"

"तो नाई दिसत. दोन सालं झाले."

"मग दर रविवारी तू टेकडीवर..."

"ऊन पाठीवर घ्याचं अन् परात वर धराची. त्याले डोये कायले लागते?" ती म्हणाली. "तुले सांगतलं असतं तर तू शाळा टाकून खाली आला असता. मले ठाऊक नाई का तू?"

"पण तूच म्हणली होती ना, मले दिसलं पायजे म्हणून?"

"म्हणली होती," पार्बताबाई म्हणाली, आणि त्याच्या धुळीने भरलेल्या तोंडावरून हात फिरवला. "पण तुले तर दिसत होतं ना बाप्पा?"

मी बाहेर आलो, कारण आत थांबवेना. सायकल अंगणात आडवी पडली होती. तिच्या मागच्या फांदीची गाठ घट्ट बसली होती, ती सोडवायला मला बराच वेळ लागला.